बिल काढण्याआधी एकदा प्लग ओढून बघा



आजची पोस्ट लांब आहे. विषय ऐकून काही जण म्हणतील, याने बातम्या सोडून कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकलं की काय. पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या पैशाचा आणि हेलपाट्यांचा आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आवण्या ऐन भरात होत्या. घोटीपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. तिथे एका पतसंस्थेची छोटी शाखा आहे. नाव लिहीत नाही, कारण हे एका संस्थेचं दुखणं नाही. शाखेच्या पायरीवर एक म्हातारे बाबा बसलेले, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. विचारलं, "काय बाबा, असे का बसलात?"

"तिसरा हेलपाटा हाये दादा. पेठकडची माणसं आणलीत आवणीला. रोजच्या रोज पैसा द्यावा लागतो. पैसे खात्यात हायेत, पन हे म्हनतात सिस्टिम बंद."

आत गेलो. क्लार्कला विचारलं, कधीपासून बंद? म्हणे परवा रात्रीपासून. का? तर म्हणे, "लाईट गेली होती ना साहेब."

"आणि आली कधी?"

"परवा पहाटेच आली."

म्हणजे लाईट येऊन दोन दिवस झाले. पंखा फिरतोय, बल्ब जळतोय, कॉम्प्युटर सुरू आहेत. मग सिस्टिम कुठे अडली? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला जे कळलं, ते आज लिहितोय.

अडला होता कोपऱ्यात भिंतीला टांगलेला, वहीएवढा एक काळा डबा. त्याला फायरवॉल म्हणतात. इंटरनेटची वायर आधी त्याच्यात येते, मग शाखेच्या कॉम्प्युटरांना जाते. थोडक्यात दारावरचा रखवालदार. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे तो बघतो. शिवाय मुख्य कार्यालयापर्यंतचा बंदिस्त रस्ता, ज्याला व्हीपीएन म्हणतात, तोही त्याच्यातूनच जातो. तो बंद पडला की शाखा मुख्य कार्यालयापासून तुटते. खात्यात किती पैसे आहेत, हेच दिसत नाही.

त्या रात्री वारं-पाऊस होता. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, असं चार-पाच वेळा झालं. सकाळी डबा सुरू होता, दिवाही लागलेला, पण काम करेना. नाशिकच्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा आणि काय दिसतं ते वाचून दाखवा. शाखेत सगळे लॅपटॉप, सुटा मॉनिटर नाही. शेवटी शेजारच्या घरातला टीव्ही उचलून आणला. पडद्यावर इंग्रजीत ओळ होती, तिचा अर्थ असा की फाईल सिस्टिम बिघडली आहे, तपासणी हाताने चालवा. फोनवर सांगून तपासणी चालवली. डबा उठला, पण त्याच्यातल्या सगळ्या सेटिंगची फाईल अर्धवट झाली होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. तो दोषी नाही. एकटा माणूस, पाच तालुके, आणि पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

याच्यापेक्षा गंभीर गोष्ट मधल्या दिवशी झाली होती. "इंटरनेट तरी चालू राहू दे" म्हणून कोणीतरी वायर डब्यातून काढून थेट पुढच्या स्विचला खोचली. खाती दिसली नाहीत ती नाहीतच, पण ज्या कॉम्प्युटरांवर गावाचे आधार नंबर, सह्या, फोटो आहेत ते दीड दिवस बिनराखणीचे उघड्या इंटरनेटवर राहिले. हे कोणी मुद्दाम केलं नाही. अडलेल्या माणसाने काढलेली वाट होती ती. पण रखवालदार वारंवार आजारी पडायला लागला, की लोक रखवालदाराशिवाय दार उघडं ठेवायला शिकतात. खरा धोका हा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की लोकांची माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली पाहिजे. त्या कायद्यापुढे "लाईट गेली होती" हे उत्तर कितपत टिकेल, तुम्हीच सांगा.

आता मूळ मुद्दा. लाईट गेल्याने डबा का बिघडतो? बल्ब तर बिघडत नाही.

कारण डबा सतत काहीतरी लिहीत असतो. कोण आलं, कोण गेलं, याची नोंद तो दर क्षणाला करतो. हे लिहिणं एका झटक्यात होत नाही. मजकूर आधी तात्पुरत्या मेमरीत जातो, मग सवडीने डिस्कवर उतरतो. आणि डिस्कवरही एकाच जागी लिहून भागत नाही. मजकूर एका जागी, त्याची लांबी दुसऱ्या जागी, अनुक्रमणिकेतलं नाव तिसऱ्या जागी. याच्या मधोमध लाईट गेली की अनुक्रमणिका म्हणते पान ४० वर बघा, आणि पान ४० कोरं. लाईट परत आल्यावर डबा ती वही उघडतो, हिशेब जुळत नाही, आणि तो अडून बसतो.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय जुने आहेत, आणि आपल्या व्यापाऱ्यांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. आपल्या तांदळाच्या पेढीवरचा दिवाणजी काय करायचा? आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खतावणी. मध्येच उठावं लागलं तर रोजकीर्द बघून खतावणी पुरी करता येते. कॉम्प्युटरच्या दुनियेत याला जर्नल म्हणतात. लिनक्सवरच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टिममध्ये ही सोय आहे. पण ती साधारणपणे वहीचा सांगाडा वाचवते. शेवटच्या दोन-चार ओळींचा मजकूर वाचेलच याची हमी देत नाही.

दुसरी पद्धत तलाठ्याच्या फेरफारासारखी. सातबाऱ्यावर नवीन नाव लागताना जुनं नाव रबराने पुसत नाहीत. फेरफार वेगळा लिहिला जातो, आणि मंडळ अधिकाऱ्याने मंजूर करेपर्यंत जुनी नोंदच खरी. झेडएफएस नावाची फाईल सिस्टिम असंच वागते. जुन्या जागेवर काही लिहीत नाही. नवीन मजकूर नवीन जागी पूर्ण उतरला की मगच "आता हे खरं" असा शिक्का मारते. मध्ये लाईट गेली तर शिक्का लागलेला नसतो, म्हणून जुनं चित्र जसंच्या तसं शाबूत राहतं. फार तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जातं, पण वही फाटत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालेलं हे तंत्र २००५ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. छोट्या संस्थांमध्ये बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं पीएफसेन्स हे फुकट मिळणारं फायरवॉल सॉफ्टवेअर घ्या. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या २.६.० आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना झेडएफएस हीच पहिली निवड म्हणून समोर येते. त्याआधी टाकलेले कितीतरी डबे मात्र अजून जुन्या यूएफएसवरच आहेत. वरवर अपडेट केलं तरी ते बदलत नाहीत. सेटिंगची प्रत काढून, पुसून, नव्याने टाकावं लागतं. एका दुपारचं काम आहे. पण ते करा असं सांगणारा कोणी नाही.

तिसरी पद्धत शिळालेखाची. देवळाच्या भिंतीवरचा शिळालेख कोणी रोज खोडत-लिहीत नाही, म्हणून तो टिकतो. रोजचा हिशेब पाटीवर, खडूने. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या राउटरांत मुख्य सॉफ्टवेअर असंच फक्त वाचता येईल अशा भागात ठेवलेलं असतं आणि बदल वेगळ्या छोट्या भागात जातात. पीएफसेन्समध्येही सततच्या नोंदी डिस्कवर न लिहिता मेमरीत ठेवण्याची सोय आहे, एका खुणेचं काम. लिहिणं कमी, तेवढा धोका कमी.

यात एक अडचण आहे, तीही सांगतो. नोंदी मेमरीत ठेवल्या तर लाईट गेल्यावर त्या पुसल्या जातात. आणि सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. मग काय करायचं? नोंदी जागच्या जागी न ठेवता त्याच क्षणी मुख्य कार्यालयातल्या मशीनकडे पाठवायच्या. चोरी झाल्यावर हजेरीपुस्तक रखवालदाराच्याच खिशात असून उपयोग नाही, ते मालकाच्या कपाटात पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भानगड कशाला, यूपीएस लावा की! त्या शाखेतही यूपीएस होता. मी स्वतः बघितला. धूळ खाल्लेला, आणि आतली बॅटरी केव्हाच मेलेली. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षं चालतात. घेतली कधी, ते कोणालाच माहीत नाही. यूपीएस म्हणजे सलाइन. ती संपली की काय, हा प्रश्न उरतोच.

त्यातही लोकांना एक गोष्ट माहीत नसते. चांगल्या यूपीएसला मागे एक बारीक वायरची जागा असते. ती वायर डब्याला जोडली की यूपीएस सांगतो, "माझी बॅटरी संपत आली, तू नीट आवरून झोप." डबा वही मिटून शांत बंद होतो. बहुतेक ठिकाणी ही वायर खोक्यातच पडून असते. ती जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालू करायचं, एवढंच.

आणि त्याच्यातही एक खोच आहे. शेतकऱ्यांना ती लगेच कळेल. विहिरीवरच्या मोटरीला आपण ऑटो बसवतो ना? लाईट आली की मोटर आपोआप सुरू. डब्यालाही आतून तशी सेटिंग असते, "गेलेली वीज आली की चालू हो". पण समजा यूपीएसच्या सांगण्यावरून डबा नीट झोपला, आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आत बाहेरची लाईट आली. आता डब्याच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही! मग तो उठणार कसा? तो झोपलेलाच राहतो, आणि नाशिकहून माणूस येऊन बटण दाबेपर्यंत शाखा बंद. म्हणून डबा झोपल्यावर यूपीएसने स्वतःचा पुरवठाही एकदा तोडून परत द्यायचा, अशी सेटिंग करावी लागते. दूरच्या जागेसाठी ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि हमखास राहून जाते.

लाईट जाते-येते-जाते, हे तर सगळ्यात वाईट. डबा उठून तपासणी सुरू करतो आणि तेवढ्यात परत अंधार. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाईट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबायची सोय असते, कॉम्प्रेसर जळू नये म्हणून. डब्यालाही तसाच थांबा हवा. पन्नास रुपयांच्या आइस्क्रीमची आपण एवढी काळजी घेतो, आणि गावाच्या ठेवी ज्याच्या भरवशावर, त्या डब्याची नाही.

काही मित्र म्हणतात, "अरे, आता पूर्वीसारखी लाईट जात नाही. समृद्धी आली, तू अजून कंदिलातच." लोडशेडिंगच्या दिवसांपेक्षा फरक पडलाय, मान्य. पण इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तारा झाडांतून, डोंगरांतून गेल्यात. फांदी पडणार, तार तुटणार. महावितरणचा वायरमन भर पावसात खांबावर चढतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. आणि हे फक्त आडगावाचं नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती. लोकल रुळांवर उभ्या होत्या. जिथे देशाचा शेअर बाजार आहे तिथली वीज जाऊ शकते, तर आपल्या वाडीवरची का नाही? आपल्याकडे लाईट जाणं हा अपघात नाही, तो ऋतू आहे. दरवर्षी येणाऱ्या पावसासाठी आपण कौलं शाकारतो, गोठ्याला ताडपत्री बांधतो. मग दरवर्षी जाणाऱ्या लाईटसाठी डबा तयार का नाही?

दुसरा आक्षेप पैशाचा. "छोट्या संस्थेला हे परवडत नाही." बघा हं. झेडएफएस निवडायला शून्य रुपये. नोंदी बाहेर पाठवायला शून्य रुपये, मशीन आधीच आहे. ऑटोची सेटिंग, शून्य. सेटिंगच्या फाईलची कुलूपबंद प्रत मुख्य कार्यालयात ठेवायला शून्य. अशा डब्यांना चालणारा बारा व्होल्टचा मिनी यूपीएस दोन हजारांच्या आत मिळतो. त्याची बॅटरी संपते तेव्हा तो काही सांगत नाही, हे लक्षात ठेवा, पण सारख्या येण्या-जाण्याचा मार तो झेलतो. खर्च करायचाच असेल तर एका गोष्टीवर करा. डिस्क घेताना अशी घ्या की जिच्यात लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याइतकी वीज साठवलेली असते. स्वस्त डिस्क कधी कधी "लिहिलं" असं सांगून मोकळी होते आणि प्रत्यक्षात लिहिलेलं नसतं. खोटारड्या कारकुनापुढे चांगली वहीसुद्धा हरते, झेडएफएससुद्धा. म्हणून दुसरी प्रत पाहिजेच.

आता सांगा, तीन दिवस बंद राहिलेल्या शाखेचं, तंत्रज्ञाच्या फेऱ्यांचं आणि बाबांच्या जीपभाड्याचं बिल किती होतं? ते कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही, म्हणून ते फुकट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही सगळी तांत्रिक नावं तुम्ही विसरलात तरी चालेल. एक परीक्षा लक्षात ठेवा, ती कोणीही घेऊ शकतो. डबा बसवून झाला, पुरवठादार बिल घेऊन आला, की सही करण्याआधी त्याच्यासमोर चालू डब्याचा प्लग ओढा. थांबा, परत लावा. आपोआप उठला? परत ओढा. उठता उठता मध्येच ओढा. असं दहा वेळा करा. मग यूपीएस लावून बॅटरी पूर्ण संपू द्या, आणि एकदा संपायच्या बेतात असताना लाईट परत द्या. प्रत्येक वेळी कोणाचा हात न लागता डबा उठला आणि शाखा मुख्य कार्यालयाला जोडली गेली, तर बिल पास. नाही उठला, तर माल परत. पुरवठादार म्हणेल, "साहेब, असं करू नका, खराब होईल." त्याला सांगा, आमचा पाऊस यापेक्षा वाईट वागतो. आणि खराब व्हायचाच असेल तर आज तुझ्यासमोर होऊ दे, आषाढात बाबांसमोर नको. जुन्या, चालू डब्यावर मात्र सेटिंगची प्रत काढल्याशिवाय हा प्रयोग करू नका, नाहीतर माझ्या नावाने बोंब माराल.

आणि हे फक्त पतसंस्थेचं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली, आरोग्य केंद्रात, शाळेत, सेतूत असे डबे आहेत. जिथे जिथे डबा इथे आणि त्याचा जाणकार नाशिकला, तिथे तिथे हीच गोष्ट.

करायचं काय? सहकार कायद्याप्रमाणे संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. आपण जातो, भजी-चहा घेतो, लाभांश किती ते ऐकतो आणि घरी येतो. या वर्षी उभं राहून तीन प्रश्न विचारा. आपल्या शाखांचे डबे प्लग ओढून तपासलेत का? सेटिंगची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती वापरून डबा उभा करून बघितलाय का? यूपीएसची बॅटरी कोणत्या तारखेची आहे? तिसऱ्या प्रश्नासाठी तर मार्करने बॅटरीवर तारीख लिहिली तरी पुरे. ग्रामपंचायतीसाठी हेच प्रश्न ग्रामसभेत विचारा. उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहेच.

त्या बाबांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी त्या दिवशी ओळखीच्या दुकानदाराकडून उसने घेऊन मजुरांचे पैसे भागवले. व्याज लागलं की नाही, मी विचारलं नाही. निघताना मला म्हणाले, "दादा, माझं पैसं कुठं गेलं नाय ना? कारन लाईट गेली म्हनून माझी गाय कधी मेली नाय."

मी म्हटलं, नाही बाबा, पैसे आहेत. पण खरं सांगतो, त्या माणसाला असा प्रश्न पडावा, इथेच आपण सगळे नापास झालो.

तुमच्या गावात असा डबा लाईटमुळे किती दिवस बंद होता, ते खाली लिहा. संस्थेचं नाव टाकू नका, गाव आणि दिवस लिहा. यादी झाली की ती घेऊन मी स्वतः सभेत उभा राहतो.